महिन्याचं नेट

गुलाबरावांनी आयुष्यात कोणतीही वस्तू किरकोळीत घेतली नाही. गहू सालाचा, तूरडाळ सालाची, हळद-तिखट सालाचं, इतकंच काय, चुलीजवळच्या आगपेट्यांचा पुडाही सालभराचा. रिसोडच्या बाजारात ते दुकानात शिरले की दुकानदार काही न विचारता मोठा काटा पुढं ओढायचा, कारण त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "सालाचं घेतलं तर कसं लावशीन?" यावरून त्यांची बायको केशरबाई त्यांची मनसोक्त थट्टा करायच्या. "लगनात भटजीले बी इचारलं असन यायनं, सालाचं घेतलं तर कसं लावता म्हनून," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या आणि गुलाबराव मिशीतल्या मिशीत हसायचे.

तसं पाहिलं तर केशरबाईही काही कमी नव्हत्या. नवऱ्यानं सालाचं आणायचं आणि यांनी ते सालभर पुरवायचं, असा दोघांचा संसार. उन्हाळा लागला की मळ्यातल्या घराच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा राहायची नाही. कुरडया, पापड, सांडगे, सगळं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरलं पाहिजे असं मोजूनमापून. यंदाही त्यांनी ते सगळं केलं होतं. पोटात दुखत होतं तरी केलं.

मळा रिसोडपासून जवळच. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं काढायचं आणि पहाटेच्या जीपनं बाजारात न्यायचं. घर मात्र खोलगट जागी होतं, त्यामुळं फोनला रेंज मिळायची ती फक्त विहिरीच्या काठावर. एकुलती एक लेक तनुजा लग्न होऊन मस्कतला गेली, तेव्हापासून केशरबाई रोज दिवस कलताना विहिरीवर जाऊन तिच्याशी बोलायच्या. बोलायच्या म्हणजे ओरडायच्या. मस्कत लांब आहे म्हणून आवाज मोठा लागतो, ही त्यांची समजूत कोणी मोडली नाही. तनुजाला दिवस गेल्याची बातमी त्यामुळं गुलाबरावांच्या आधी शेजारच्या शेतातलं तण निंदणाऱ्या बायांना कळली.

श्रावणात केशरबाईंचं विहिरीवर जाणं थांबलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि गुलाबरावांना एकट्याला बाहेर बोलावलं. आता कापाकापी करून त्रास देऊ नका, म्हणाले. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला.

"सालभर तं निघन ना, डाक्टरसाहेब?" गुलाबरावांनी विचारलं. दुसरं कोणतं माप त्यांना येतच नव्हतं.

"सालाचा विचार करू नका. महिन्यामहिन्यानं पाहू."

घरी येताना गुलाबरावांनी बायकोला सांगितलं, की आतड्याला सूज आहे, औषधानं उतरेल. लेकीला मात्र विहिरीवर उभं राहून खरं ते सांगून टाकलं. तनुजा तिकडून इतकी रडली, की त्यांना फोन कानापासून दूर धरावा लागला. तिला यायचं होतं आणि येता येत नव्हतं. गरोदरपण अडचणीचं होतं, विमानात बसायची सक्त मनाई होती. माहेरी व्हायचं बाळंतपण परक्या मुलखात होणार, हे केशरबाईंनी कसंबसं पचवलं होतं. आता त्यांचं एकच मागणं उरलं होतं. "मले पोट्टीचं तोंड पाहू द्या. अन् तिचं बाळ पाहू द्या. मंग कायी नाई मांगत."

मग काय, घरात फोनवर लेकीचं तोंड दिसावं म्हणून गुलाबराव नेटच्या मागं लागले.

आधी भेटला एका मोठ्या कंपनीचा एजंट. चकचकीत बूट, गळ्यात ओळखपत्र. डबा फुकट, बसवणं फुकट, महिन्याचा भावही कमी. अट एकच, सालाचा बाँड. मधेच बंद केलं तर सालाचं सगळं भरायचं. एरवी गुलाबरावांनी त्याच्या हातातला पेन ओढून घेऊन सही केली असती. त्या दिवशी त्यांनी पेन हातात धरला, बाँड या शब्दाकडं पाहिलं आणि पेन परत दिला. "बायकोले इचारून सांगतो," म्हणाले. बायकोला विचारण्यासारखं यात काही नव्हतं.

दुसरा भेटला धम्मरत्न. मूळचा मेडशीचा, पुण्याची नोकरी सोडून परत आलेला. आसपासच्या गावांत टॉवर उभे करून तो हवेतून नेट द्यायचा, आणि एसटी स्टँडमागं त्याचं दुकान होतं. त्यानं गुलाबरावांना स्टूल दिलं, चहा सांगितला आणि सरळ बोलला. "काका, माह्याकडे बाँड नाई का कागद नाई. ज्या महिन्याचं भरसान, त्या महिन्याचं चालन. थोडं महाग पडते, पन बंद कराचं झालं तं निस्ता फोन करजा. मी येऊन अँटेना काढून नेईन."

"सालाचं घेतलं तर कसं लावशीन?"

हे वाक्य गुलाबरावांनी विचारलं नाही, ते त्यांच्या तोंडातून आपोआप निघालं.

"सालाचं बी हाये ना. स्वस्त पडन. दोन महिने फुकट."

गुलाबरावांची जन्मभराची सवय, डोकं आपोआप पुढं पळालं. साल म्हणजे पुढचा श्रावण. पुढच्या श्रावणात खाटेवर कोण असेल? नेट कोण पाहील? फुकटचे ते दोन महिने कोणाच्या कामाचे? अन् हे सगळं आपण दुकानात बसून, चहा पीत, बायकोच्या श्वासांचा भाव करावा तसं करतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची किळस आली. चहा अर्धा तसाच राहिला.

"महिन्याचंच दे," ते म्हणाले.

बाहेर येऊन स्टँडच्या बाकावर ते दुपट्ट्यात तोंड घालून रडले. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "गाडी चुकली का बाप्पा?" तर त्यांनी मान हलवून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी धम्मरत्न अँटेना घेऊन मळ्यात आला. घर खोलगट, समोर शेवग्याचं झाड. टॉवर अँटेनाला दिसला पाहिजे म्हणून गुलाबरावांनी स्प्रिंकलरचा उंच पाइप काढून दिला, तो गच्चीवर बांधला आणि त्याच्या टोकाला अँटेना बसली. केशरबाईंची खाट अंगणात आणली होती. त्या उशीला टेकून वर पाहत होत्या आणि सूचना देत होत्या. आजारी असल्या म्हणून घरातलं काम त्यांना विचारल्याशिवाय होईल, असं थोडंच होतं.

धम्मरत्न खाली उतरून चहाला बसला, तेव्हा त्यांनी विचारलं, "सालभर तरास तं नाई ना देनार हे?"

"साल कायचं, काकू? महिन्याचं घेतलं काकानं. कधीबी बंद करता येते."

केशरबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. गुलाबरावांनी वर अँटेनाकडं पाहिलं.

"सालाचं नाई त्याच्याजोळ," ते पुटपुटले. खोटं बोलायची सवय नसली की माणूस नेमकं तेच खोटं बोलतो, जे तिथल्या तिथं उघडं पडतं.

"हाये ना काका!" धम्मरत्न भाबडेपणानं म्हणाला. धंद्याची गोष्ट, त्याला काय ठाऊक. "तुमाले सांगतलं ना, दोन महिने फुकट बी देतो म्हनून. तुमीच नको म्हनलं."

गुलाबराव उगाच शिडी सरळ करायला लागले. धम्मरत्नला वाटलं, आपलं काही चुकलं. तो बशीतला चहा घाईघाईनं प्यायला लागला. केशरबाई बराच वेळ गच्चीकडं पाहत राहिल्या. त्याच गच्चीवर उन्हाळ्यात त्यांनी वाळवण घातलं होतं. मग त्या म्हणाल्या, "त्याले अजून चा द्या. साखर कमी टाकली तुमी," आणि डोळे मिटून पडल्या.

त्या दिवशी माय-लेकींनी फोनच्या पडद्यावर पहिल्यांदा एकमेकींना पाहिलं. तनुजाचं पोट पाहून केशरबाई हसल्या, हसताना खोकल्या, आणि लेकीनं रडू नये म्हणून तिला रागावल्या. पुढं रोजचाच क्रम झाला. डिंकाचे लाडू कसे करायचे, डिंक किती तळायचा, हे त्या खाटेवरून शिकवायच्या आणि तनुजा तिकडं मस्कतच्या ओट्यावर करून दाखवायची. "करपून राह्यला नं वो! गॅस कमी कर!" असं केशरबाई फोनमध्ये ओरडायच्या. आता इतकं ओरडायची गरज नाही, हे त्यांना मान्य नव्हतं.

महिना संपत आला की त्या स्वतःच आठवण करायच्या. "नेटचं भरलं का?" गुलाबराव खाली मान घालून हो म्हणायचे. दर वेळी पुढचा महिना भरताना ते मनातल्या मनात विठोबाला म्हणायचे, अजून एक. सालाचा बाजार करणारा माणूस देवाकडं किरकोळीत मागायला लागला होता.

दसऱ्यानंतर बाळ झालं. मुलगी. तनुजानं फोन बाळाच्या जवळ नेला, तेव्हा केशरबाईंनी न राहवून पडद्यावरच्या इवल्याशा गालावरून बोट फिरवलं आणि फोन बंद झाला. बोट नेमकं लाल खुणेवर पडलं होतं. पुन्हा लावला, पुन्हा बोट, पुन्हा बंद. शेवटी गुलाबरावांनी फोन हातभर लांब धरला, केशरबाईंचा हात पोहोचू नये असा. त्या तशाच हात पुढं करून पाहत राहिल्या. "टायूवर तेल घाल," म्हणाल्या. "लय तेल घाल. सुकली दिसून राह्यली."

दिवाळी जवळ आली, तशा त्या फार कमी बोलायला लागल्या. एका दुपारी गुलाबराव त्यांना चमच्यानं पेज भरवत होते. त्यांनी चमचा बाजूला सारला.

"सूज नाई मले, ठाऊक हाये," त्या म्हणाल्या. "तुमी महिन्याचं नेट आनलं, त्याच दिवशी समजलं. ज्या मानसानं आगपेट्या सालाच्या आनल्या, तो नेट महिन्याचं काहून आनीन? डाक्टर खोटं बोलते, पोरगी खोटं बोलते. तुमचा बाजार खोटं बोलत नाई."

गुलाबरावांच्या हातातली वाटी कलंडली. लहान मुलासारखे हुंदके देत त्यांनी बायकोचे पाय धरले. "चुकलं माह्यं, केसर. मी दुकानात बसून तुह्या जिवाचा हिशोब केला. सालाचं आनलं असतं तं काय झालं असतं? तुले समजलं नसतं."

"समजलं ते बरं झालं. मी पोट्टीले पोटभर पाह्यलं तं खरं." त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला वजनच राहिलं नव्हतं. "पन चुकलं तं खरंच तुमचं. तुमी निस्तं माह्यापुरतं आनलं. मी गेल्यावर तनुजा कोनाले पाहीन? अन् तुमी? त्या इहिरीवर उभे राहून एकटेच बोंबलसान?"

आपल्यालाही मागं उरायचं आहे, हे गुलाबरावांच्या हिशोबात आलंच नव्हतं.

"सालाचं घ्या," केशरबाई म्हणाल्या. "अन् ते दोन महिने फुकट मांगून घेजा. सोडू नका."

दिवाळीच्या आधीच त्या गेल्या.

तेरवी झाली आणि नेटचा महिनाही संपला. धम्मरत्न कोणी न बोलावता मळ्यात आला. काकांनी फोन करायची वाट पाहायची, ही गोष्ट त्या भल्या माणसाला जड गेली असावी. त्यानं गुलाबरावांना नमस्कार केला आणि मुकाट्यानं गच्चीला शिडी लावली. तो पाइपची तार सोडवणार, तोच खालून आवाज आला.

"धम्मरत्न, उतर खाली."

तो उतरला. गुलाबराव शिडीला धरून उभे होते.

"सालाचं घेतलं तर कसं लावशीन?"

धम्मरत्ननं वर अँटेनाकडं पाहिलं.

"दोन महिने फुकट देजो बाप्पा. तिनं सांगतलं हाये."

धम्मरत्ननं नुसती मान हलवली आणि तोंड फिरवून पकड, तार सगळं पिशवीत भरत राहिला.

तो गेल्यावर घरात फोन वाजला. तनुजाचा. पडद्यावर बाळ होतं. चांगलं गुबगुबीत झालं होतं, टाळूवर तेल चमकत होतं. गुलाबरावांनी "बाळा" म्हटलं आणि रोजच्या सवयीनं फोन खाटेकडं वळवला. खाटेवर घडी घातलेली गोधडी होती. त्यांच्या ध्यानात आलं, पण हात मागं घेता येईना.

तिकडून तनुजानं बाळाला जरा वर उचलून धरलं, खाटेवरून नीट दिसावं तसं.