कच्चा लगदा

जावयाने अंगणातल्या पिंपाखालचा बर्नर बंद केला आणि पिंपावर झाकण ठेवलं. आत केळीच्या खोडाचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात अजून रटरटत होते. चांगलेच कच्चे होते. सासरे वर जेवायला गेले होते.

लगदा कच्चा राहिला की त्याचा ट्रे फाटणार, ट्रे फाटला की काचेच्या बरण्या ठेवायला ते ट्रे घेणाऱ्या बरणीवाल्या बाई दुसरीकडे जाणार. "त्या गेल्या तर टाळं ठोकीन," असं सासऱ्यांनीच जाहीर केलं होतं. मग बायकोला घेऊन आपल्या भावाकडे बोटी दुरुस्त करायला निघायचं. दोन-चार महिने हातभार लावायला आलेला माणूस घरजावई होऊन बसला होता. राहणं वर, काम खाली, जिन्यात कॉस्टिकचा वास. नवराबायकोने भांडायचं तेही पुटपुटत, आणि तसल्या भांडणात काय राम? त्याचा जीव घुसमटत होता. पण 'जातो' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बरणीवाल्या बाई आल्या. ट्रे ओबडधोबड झाला होता, धागे वर आले होते. जावयाला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चेहरा मात्र त्याने नीट पाडून ठेवला. बाईंनी ट्रेमध्ये काचेच्या बरण्या भरल्या, एका टोकाला धरून उचलला, हलवला आणि कमरेच्या उंचीवरून सरळ सोडून दिला.

एकही बरणी फुटली नाही.

"आधीचे मऊ पडायचे. हा वाकतसुद्धा नाही! असेच वर्षभर द्याल?"

"हो, देऊ की," सासरे म्हणाले. "आमच्या जावईबापूंचा हातगुण."

जिन्यात उभी असलेली बायको वर निघून गेली.

बाईंना फाटकापर्यंत सोडून सासरे परत आले आणि रिकाम्या खोक्यावर बसले.

"उद्यापासून रोज माझं जेवण चालू असताना बर्नर बंद करत जा."

जावई समोर येऊन बसला. "तुम्ही पाहिलंत?"

"वरच्या खिडकीतून."

"मग पुन्हा पेटवला का नाहीत?"

सासरे कॉस्टिकने सोलवटलेली बोटं चोळत राहिले.

"म्हटलं, मीही सुटतोय एकदाचा. आणि आज बाईंसमोर तोंडातून 'हो' निघून गेलं."

बाहेर खोडांचा टेम्पो येऊन थांबला. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.