ज्वारीत पडलेले इंजिन

माझ्या डाव्या अंगावर हवा खेळण्यासाठी पातळ पात्या आहेत. त्यातल्या तिसऱ्या पातीच्या कडेला मसुराच्या डाळीएवढा टवका उडालेला आहे. त्याच्या कडा आता काळ्या पडल्या आहेत, पण बोट फिरवले तर अजून बोचतात. मित्रांनो, मी एक जुने पेट्रोलचे इंजिन आहे. आकाराने लहानशा कलिंगडाएवढे. तो टवका मी आकाशातून ज्वारीत पडलो तेव्हाचा.

इंजिनाला दुःख होते की नाही, मला माहीत नाही. मला ताप कळतो, कंप कळतो, तेल कमी पडले तर तेही कळते. जे कळले तेवढेच सांगतो.

एका दूरच्या कारखान्यात माझे दोन सिलिंडर जुळवले गेले. तपासणाऱ्या बाईने मला सुरू केले, कान देऊन आवाज ऐकला आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. पेटीवर शेतात औषध फवारण्याचे चित्र होते, म्हणून मला वाटले, आपण शेतावर जाणार. पण पेटी हातोहात बदलत गेली. शेवटी एका मचव्यात, बर्फ आणि मासळीच्या थराखाली लपून मी येमेनच्या किनाऱ्यावर उतरलो. तिथून मला डोंगरात नेले.

डोंगरातल्या एका गुहेत बंडखोरांची कार्यशाळा होती. एका भिंतीशी लांबलचक क्षेपणास्त्रे ताडपत्रीखाली निजवलेली असत. त्यांना रंग देत, त्यांचे फोटो काढत. आम्ही इंजिने मागे, पिंपांच्या आडोशाला. मला एका हलक्या, पंखांच्या सांगाड्याच्या शेपटीला बसवले आणि पाठीवर लाकडी पंखा लावला. अशा सांगाड्याला तुम्ही ड्रोन म्हणता. त्याच्या नाकात काय भरले ते मला दिसले नाही. पुढचे वजन वाढले, एवढे कळले.

उड्डाणाच्या दिवशी माझ्यावर हात फिरवून एक जण म्हणाला, "जा राजा!" सगळ्यांनी घोषणा दिल्या. ड्रोन उडवण्याच्या रुळावरून सुटल्यावर मात्र मला बंद करायला जवळ कुणीच नव्हते.

वाटेत पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला. मी खोकलो आणि थांबलो. खाली तिहामाचा सखल मुलूख होता, त्यात वादी मौर नावाच्या खोऱ्यातली ज्वारी. सांगाडा तिथे आपटला. नाक फुटले नाही. बंडखोर गाडी घेऊन आले, नाक आणि पंख उचलून गेले. मी तुटून मऊ मातीत रुतलो होतो, तो कुणालाच सापडलो नाही.

पुढे कडबा कापताना शूइयाच्या विळ्याला मी लागलो. तिचा नवरा जुमआन विहिरीवरचे पंप दुरुस्त करायचा. त्याने मला रॉकेलने धुतले, नळी फुंकून साफ केली, जुन्या मोटारीचा पत्र्याचा पंखा समोर लावला आणि पट्ट्याने मला आपल्या विहिरीच्या पंपाला जोडले. दोरी ओढली. पन्हाळीत पाणी पडले तशी शूइयाने ओंजळीतले पहिले पाणी माझ्या चाकावर शिंपडले. ते लगेच वाळले.

मित्रांनो, माझा आवाज मात्र तोच राहिला. मी सुरू झालो की शेळ्या पांगत आणि बाया हातातले काम टाकून वर बघत. जुमआनची म्हातारी आई खाटेखाली शिरायची. "अगं, आपलाच पंप आहे," असे शूइया तिला रोज सांगायची. म्हातारी म्हणायची, "माहीत आहे गं मला," आणि तरीही शिरायची. आकाशातून बॉम्ब टाकणारी विमाने एका देशाची होती, मला मचव्यातून पाठवणारे दुसऱ्या देशाचे, आणि ज्वारी जुमआनची.

शूइयाला दोन भाऊ होते. धाकटा मकबूल बंडखोरांबरोबर उडवण्याच्या रुळाशी उभा असताना विमानाने टाकलेल्या बॉम्बने गेला. ती बातमी आली तेव्हा मी पाणी काढत होतो. त्यानंतरही काढत राहिलो. पातळी रोजच्याएवढीच होती.

थोरला दरवेश त्याच कार्यशाळेत होता. भेटीला आला की माझ्या आवाजावरून मान वळवायचा.

"दाजी, हे आमचंच पोर दिसतंय!"

"शेतात पडलं होतं. घेऊन जा हवं तर."

"छे! आहेर समजा. पण मेलेल्या इंजिनात जीव घातलात तुम्ही. आमच्याकडे असली ढिगानं पडलीत. कधी येताय?"

"इन्शाल्ला. ज्वारी निघू दे."

ज्वारी निघाली. मग रमजान होऊ दे, मग आईचा खोकला थांबू दे. दरवेश फारच मागे लागला की जुमआन उठायचा आणि माझी दोरी ओढायचा. मी सुरू झालो की कुणाचे कुणाला ऐकू येत नसे. माणसाच्या असेही उपयोगी पडता येते, हे मला तेव्हा कळले.

परवाच्या दुपारी दरवेश पुन्हा आला. विहिरीजवळच्या खाटेवर बसला. शूइयाने किशर आणली, म्हणजे कॉफीच्या टरफलांचे आले घातलेले पेय. त्याने पेला घेतला, ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला. शूइयाचा हात किटलीवरच थांबला. तिकडे ज्याला मागणे मागायचे असते तो होकार मिळेपर्यंत यजमानाचा पेला पीत नाही. भरला पेला ठेवून तो उठला, तर त्या दोन घरांचा संबंध संपतो. शूइयाची आई आता माहेरी एकटी होती.

"दाजी, तुमच्या त्या इन्शाल्लाला आता दाढी फुटली," दरवेश म्हणाला. "आज काय ते सांगा."

"दरवेश, उचल तो पेला," शूइया म्हणाली. "आईची शपथ आहे तुला."

"आईनंच पाठवलंय, ताई. मकबूलचा कोट घालून बसते ती. आणि दाजी, मी आहे म्हणून मागतोय. माझ्या जागी दुसरा आला तर मागणार नाही, उचलूनच नेईल."

जुमआन उठला आणि त्याने माझी दोरी ओढली. मी सुरू झालो. घरात खाट करकरली. दरवेशचे ओठ हलत राहिले.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या असे तुम्हाला नेहमी सांगतात. तेल घाला, धूळ पुसा. ते कराच. पण यंत्र हाती घेण्याआधी ते बंद कसे करायचे, हे शिकून घ्या. त्याची चावी आपल्या हाताशी राहील एवढे बघा.

शूइया माझ्याजवळ आली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. खाली वाकून तिने पेट्रोलची चावी फिरवली. नळीत उरलेल्या थेंबांवर मी थोडा वेळ चाललो, मग थांबलो. पन्हाळीतले पाणी बारीक झाले, तुटले.

"बोला आता," ती नवऱ्याला म्हणाली. "हो की नाही. काहीही असो, मला ऐकू येऊ दे."

जुमआनच्या हातात माझी दोरी होती. ती त्याने नीट गुंडाळली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

"हे सुरू झालं की माझी आई खाटेखाली जाते," तो दरवेशला म्हणाला. "तुझी आईही जात असेल. जिकडं तुम्ही पाठवता तिकडच्याही जात असतील."

"ते सोडा. येताय की नाही?"

पेल्यातली वाफ थांबली होती.

"नाही," जुमआन म्हणाला. "मी येणार नाही."