आत्याला उतरती लागली

मरण जवळ आलं की माणसाला त्याची पावलं ऐकू येतात, असं थोर लोक सांगतात. आत्याला ती ऐकू आली तेव्हा ती टीव्हीसमोर बसून वाटाणे सोलत होती, आणि पावलं नव्हती, पियानो होता.

पडद्यावरही तीच होती. हातात पाण्याचा पेला घेऊन लांबलचक पॅसेजमधून आजारी भावाच्या खोलीकडे चालली होती. मालिकेत तिच्या पात्राला एक नाव होतं, पण ते लेखकाच्याही लक्षात राहत नसे. सगळे आत्याच म्हणत, आणि आता दूधवालाही म्हणू लागला होता. दारापाशी ती क्षणभर थबकली आणि आत गेली. या सगळ्याखाली पियानोचे चार कॉर्ड वाजले, तीन-तीन सूर एकदम, प्रत्येक कॉर्ड आधीच्यापेक्षा खाली. चौथा दारापाशी पोचला आणि तिथेच लोंबकळत राहिला.

"अहो," ती म्हणाली, "ऐकलंत का?"

"काय?"

"माझ्याखाली काय वाजलं ते."

नवऱ्याने वाकून तिच्या खुर्चीखाली पाहिलं. तो नोकरीतून मोकळा झाल्यापासून सांगितलेली कामं लगेच करत असे.

सेटवर याला 'उतरती लागणं' म्हणत. मालिकेतून कुणाला काढायचं ते चॅनेलमध्ये ठरायचं आणि ज्याला काढायचं त्याला सगळ्यात शेवटी कळायचं. आधी कळलं तर माणूस रडतो, आणि रडण्याचे प्रसंग आधीच भरपूर होते. पण संगीत करणाऱ्या मास्तरांना पुढचं थोडं सांगून ठेवावं लागे. त्यामुळे भाग लागला की नटमंडळी स्वतःचे चेहरे बघत नसत, कान लावून बसत. काकांना उतरती लागली आणि त्यांची गाडी दरीत गेली. वकिलाला लागली, तो झोपेतून उठलाच नाही. धाकट्या सुनेखाली एकदा नुसता एकच उदास, मायनर कॉर्ड वाजला होता, तर तिला कावीळ झाली.

गेलेल्यांना पुन्हा कुणी बोलवत नसे. काकांचं काम करणारा चांगला कसलेला नट, पण तो आता एका दवाखान्यात आलेल्यांना नंबर देत बसतो. लोक त्याला ओळखतात. नंबर घेता घेता विचारतात, तुम्ही गेलात ना हो?

आत्याने उरलेले वाटाणे सोलले, मग सालं डब्यात भरली आणि दाणे केरात टाकले. घर तिच्या एकटीच्या कामावर चालत होतं. तिच्या वयाच्या बाईला नवं काम मिळायचं म्हणजे कुणाच्या तरी फोटोला हार घातलेला असतो तो फोटो होणं, आणि त्यालाही हल्ली तरुण बायका घेतात.

दुसऱ्या दिवशी मेकअपच्या खोलीत तिला पंख्याखालची खुर्ची मिळाली. थोरल्या सुनेने स्वतः उठून दिली. ही सून गेली कित्येक वर्षं त्या खुर्चीसाठी पहाटे येत होती. मेकअपवाल्याने आत्याच्या कपाळाला हात लावला तो आजाऱ्याला लावतात तसा हळू. कुणी टोमणा मारला नाही, कुणी डब्यात काय आणलंय ते विचारलं नाही. जो तो तिच्याशी फार प्रेमाने बोलत होता, आणि बोलून झाल्यावर पटकन दुसरीकडे बघत होता.

दुपारी ती मास्तरांच्या खोलीत गेली. खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या आणि मधोमध कीबोर्डपुढे मास्तर सँडविच खात बसले होते.

"मास्तर, मला कधी नेताय?"

"कुठे?"

"वर."

मास्तरांनी सँडविच खाली ठेवलं. आपल्याला कुणी काही सांगितलेलं नाही, असं ते शपथेवर म्हणाले. तिचा विश्वास बसेना तेव्हा त्यांनी तो प्रसंगच पडद्यावर लावला, आवाज बंद करून. आत्या पेला घेऊन चालली होती.

"हे बघा. तीन बोटं. हा मेजर."

कॉर्ड वाजला. कुणाला तरी तहान लागली होती आणि आता ती भागणार होती. पॅसेजमध्ये उजेड बरा होता. एखाद्या फरशीच्या जाहिरातीत असतो तसा.

"आता फक्त मधलं बोट, अगदी शेजारच्या खालच्या पट्टीवर."

बाकीची दोन बोटं जागची हलली नाहीत. पडद्यावर बाई तीच, पेला तोच. पण पॅसेज लांबला होता. दिवे तेवढेच असून भिंती ओल्या वाटत होत्या, आणि आत्याला एकदम कळलं की या बाईला पाणी न्यायला उशीर झाला आहे.

"हा नुसता एक मायनर," मास्तर म्हणाले. त्यांना आता रंग चढला होता. "याने नुसतं आभाळ येतं. पण एकाखाली एक असे उतरत नेले की जिना तयार होतो. मी फक्त जिना करतो, आत्या. खाली काय आहे ते बघणाऱ्याने आपापलं आणायचं."

त्यांनी चारही वाजवले. आत्याने आपलं आणलं. जिन्याखाली दवाखान्याचा लाकडी बाक होता आणि त्यावर ती नंबरांचे बिल्ले घेऊन बसली होती. त्याच्याही खाली तिच्या घरातलं जेवणाचं टेबल होतं. तिथे नवरा एकटाच जेवत होता आणि टीव्हीवर दुसरीच मालिका चालू होती. चौथा कॉर्ड लोंबकळत राहिला. खोलीत गार वारा नव्हता, यायला जागाही नव्हती, तरी तिने पदर खांद्यांवर ओढून घेतला.

"मग लावलात कशाला?" तिने विचारलं.

"तुम्ही दारात थांबलात म्हणून. पुढे नुसती शांतता. काहीतरी भरायला हवं होतं. मेजर भरला तर फरशी विकल्यासारखं झालं. तुम्ही थांबलात का?"

"चपलेचा पट्टा सुटला होता."

मास्तरांनी उरलेलं सँडविच तिच्यापुढे सरकवलं. आज तिच्याशी सगळेच चांगले वागत होते.

तिथून ती तडक लेखकाकडे गेली. लेखक जिन्याखालच्या खोलीत बसत असे आणि बाराही महिने पित्ताच्या गोळ्या चघळत असे. तिने पट्ट्याची गोष्ट सांगितली तशी त्याचा चेहरा पडला. उतरती ऐकून त्याला वाटलं होतं की आत्याला मारायचं चॅनेलने परस्पर मास्तरांना कळवलं, आणि आपल्याला कळवलं नाही म्हणजे आपलीही जायची वेळ आली. तेव्हा आपण मागे पडलेलो नाही हे दाखवायला त्याने बसल्या बैठकीला तिचं मरण लिहून चॅनेलकडे धाडलं होतं.

"आणि चॅनेलच्या मॅडम काय म्हणाल्या?"

"लगेच हो म्हणाल्या." त्याने नवी गोळी फोडली. "त्यांना वाटलं असणार, वरून ठरलंय. आत्या, मी तुम्हाला पडायला फार चांगला जिना दिलाय. शनिवारी. एका झटक्यात. हाल नाहीत."

"मग आता त्यांना सांग ना, चूक झाली म्हणून."

"कुणाची?" लेखकाने विचारलं, आणि ती उत्तर देणार तोच तो घाईघाईने म्हणाला, "नको, सांगू नका."

शनिवारपर्यंत पॅसेजचे प्रसंग होतेच. आत्या पेला घेऊन निघाली की कान आपोआप खाली लागायचे. सेटवर संगीत नसतं, ते मागाहून घालतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं; तरी तिला चारही ऐकू यायचे. पाणी हिंदकळायचं. एकदा ते पार कोपरापर्यंत ओघळलं आणि दाराच्या मुठीवर ठेवलेला तिचा हात निघेचना. दिग्दर्शकाने तिला आजवर "आत्या, जरा बाजूला" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. त्याने कॅमेरा बंद होऊ दिला नाही, आणि नंतर तिचे दोन्ही हात हातात घेतले. तिला वाटलं, हा निरोपच.

घरी तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. फक्त गिझर कसा लावायचा आणि डाळीला किती शिट्ट्या ते दाखवून ठेवलं. त्याने सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, कुठे बाहेरगावी शूटिंग आहे का.

शनिवारी जिन्याच्या पायथ्याशी गादी टाकली होती. प्रत्यक्ष पडणारी दुसरीच होती, एक दणकट मुलगी, आत्याचीच साडी नेसून कोपऱ्यात केळं खात बसलेली. आत्याने फक्त वरच्या पायरीवर उभं राहून मागे वळून पाहायचं होतं. ती वर चढली आणि कठडा धरून उभी राहिली. खाली सगळे मान वर करून तिच्याकडे बघत होते. खरोखरच कुणी हसत नव्हतं.

तेवढ्यात चॅनेलच्या मॅडम आल्या. वयाने आत्याच्या भाचीएवढ्या असतील. त्यांनी हात वर करून सगळं थांबवलं आणि जिन्याखालूनच बोलल्या. आठवडाभर लोक वेड्यासारखे भाग बघत होते. आकडा कधी नव्हे एवढा चढला होता. आत्याला काही होऊ देऊ नका म्हणून पत्रं, फोन, एका शाळेच्या सगळ्या शिक्षिकांची मिळून एक विनंती. तेव्हा मारणं रद्द.

"संगीत मात्र हेच ठेवायचं," त्या मास्तरांकडे वळून म्हणाल्या. "प्रत्येक वेळी. लोकांना वाटलं पाहिजे, आज जाते की उद्या."

लेखकाने गोळी थुंकून टाकली. थोरली सून आत्याला मिठी मारायला निम्मा जिना चढून आली, आणि तिथूनच वळून मेकअपच्या खोलीतल्या पंख्याखालच्या खुर्चीकडे भराभर निघून गेली. आत्या वरच्या पायरीवर मटकन बसली. कठडा तिने अजून सोडला नव्हता; आता तो आनंदाने धरलाय, असं तिने स्वतःला सांगितलं.

मॅडम वर आल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या.

"एक विचारू, आत्या? इतकी वर्षं तुमचं काम बघतेय. असं कधी नव्हतं. ती भीती आणता कुठून?"

आत्याने चपलेबद्दल सांगायला तोंड उघडलं, मग लेखकाकडे पाहिलं आणि मिटलं. "येते आपली," ती म्हणाली.

"ती जाऊ द्यायची नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिच्या गुडघ्यावर मायेने थोपटलं आणि निर्मात्याला काय करायचं ते सांगायला त्या खाली उतरल्या.

आत्याचा करार आजवर वर्षाचा असे. त्या दिवसापासून तो दर सोमवारी नवा होऊन शनिवारी संपू लागला.