फळ्यांवरच्या खिडक्या

पेंटरच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी नगरपालिकेने घरांचा नियम काढला. गल्लीच्या टोकाचा कारखाना बंद पडून बराच काळ लोटला होता. माणसं कामामागे निघून गेली आणि मागे कुलपं राहिली. अंगणांत गवत माजलं, भिंतींच्या फटींतून झाडं उगवली. एका ओस घराला तर आग लागली आणि शेजारच्या घरांनाही झळ बसली. तेव्हा ठरलं की रस्त्यावरून दिसणारी घराची बाजू मालकाने नीट ठेवायची. रंग उडालेला चालणार नाही, गवत वाढलेलं चालणार नाही, आणि खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या तर मुळीच चालणार नाहीत. सांगूनही ऐकलं नाही तर दारावर ‘पडीक’ अशी पाटी लागेल आणि घर नगरपालिका ताब्यात घेईल. आत कोणी राहत असेल तर त्याला वेशीबाहेरच्या नव्या इमारतीत खोली मिळेल.

नियम वाईट नव्हता. आगीच्या वेळी बादल्या उचलणाऱ्यांत पेंटरही होता, त्यामुळे त्याला तो पटलाही होता. शिवाय ‘पडीक’च्या पाट्या रंगवायचं काम त्यालाच मिळालं होतं. जन्मभर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षर काढायचं आणि अक्षराला उजवीकडे काळी सावली द्यायची, हा त्याचा हातखंडा. सावली दिली की अक्षर पत्र्यावरून उठून पुढे येतं.

समोरचा न्हावी त्याला चिडवायचा. “पेंटरसाहेब, तुमचं ‘पडीक’ इतकं झकास दिसतं, माझ्या दुकानावर लावू का? गिऱ्हाईक वाढेल.”

“लाव की. खोटं थोडंच आहे?” पेंटर म्हणायचा.

हसणं चाललं होतं खरं, पण पेंटरचं स्वतःचं घरही नियमात बसत नव्हतं. त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्यांना फळ्या होत्या. चौकटी कुजल्या होत्या. वादळात एक झडप निखळून रस्त्यावर आदळली, तेव्हा त्याने हाताला लागतील त्या फळ्या ठोकून टाकल्या. सुतार येऊन बघून गेला. म्हणाला, चौकटी मुळापासून काढाव्या लागतील, भिंत फोडावी लागेल, खोली रिकामी करून द्या. आणि त्याच खोलीत पेंटरची बायको पलंगाला खिळून होती. तिचं काळीज थकलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की जिन्यावरून खाली आणलंत तर वाटेतच काही होईल. आता औषध म्हणजे आराम, बाकी काही नाही.

याच खोलीत ती लग्न होऊन आली होती आणि याच खोलीतून तिने जावं, एवढंच पेंटरला हवं होतं. नव्या इमारतीतल्या अनोळखी भिंतींकडे बघत नव्हे. सुतार नको, पाटी नको आणि ही इथून हलायला नको. तिन्ही गोष्टी कशा जमणार?

मग त्याने आपल्या हाताला येतं तेच केलं. दोन नवे, जाड प्लायवूडचे तक्ते आणले आणि मागच्या अंगणात बसून त्यांवर खिडक्या रंगवल्या. काचा रंगवल्या, अर्धा सरकवलेला निळा पडदा रंगवला, एका खिडकीत फुलाची कुंडी ठेवली. कुंडीला, चौकटीला, गजांना, सगळ्यांना छान काळी सावली दिली आणि तक्ते जुन्या फळ्यांवर ठोकून टाकले.

“कसली ठोकाठोक चाललीय?” बायकोने पलंगावरून विचारलं.

“फळ्या सैल झाल्या होत्या.”

“अहो, त्या काढायच्या का नाहीत? रात्र कुठली नि दिवस कुठला, काही कळत नाही मला.”

“गार वारा येतो गं. बघू नंतर,” तो म्हणाला आणि हातोडी घेऊन खाली उतरला.

फळ्या काढायची तंबी देऊन गेलेल्या नगरपालिकेच्या निरीक्षकबाई दुपार कलल्यावर आल्या. रस्त्याच्या पलीकडे, न्हाव्याच्या दुकानापाशी उभं राहून त्यांनी वर पाहिलं. “वा काका, लवकर उरकलंत की!” एवढं बोलून त्या पुढे गेल्या. पेंटरचा जीव भांड्यात पडला. न्हाव्याला मात्र आतली गोष्ट ठाऊक होती. दाढी करता करता तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि अर्धवट साबण लागलेली माणसं रस्ता ओलांडून पेंटरच्या घराखाली येऊन, माना वर करून हसायची. “कुंडीला पाणी घालायला विसरू नका बरं का, पेंटरसाहेब!”

पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा त्या गल्लीत आल्या, दुसऱ्याच घराच्या कामासाठी, पण सकाळी. ऊन उजवीकडून येत होतं. विजेच्या खांबाची, पन्हळीची, दाराच्या कड्यांची, गल्लीतली एकूणएक सावली डावीकडे पडली होती. पेंटरच्या कुंडीची तेवढी उजवीकडे.

बाई थांबल्या. खालून निरखून पाहिलं आणि कडी वाजवली.

“काका, तुमच्या घरावर ऊन दोन्हीकडून पडतं का हो?”

पेंटरला आधी कळेना. तो रस्त्यावर आला, बाईंच्या शेजारी उभा राहिला, वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. पाट्यांना सूर्य नसतो. इतकी वर्षं त्याने सावली उजवीकडेच दिली होती, हात आपोआप तिकडे गेला होता.

“आत येऊ?”

“या. पण हळू बोला. माझी मंडळी झोपलीय.”

वरच्या खोलीत दिवा लागलेला होता. पलंगावरचा तो सुकलेला चेहरा पाहिल्यावर बाईंचा आवाज खाली आला. तरीही त्या खिडकीपाशी गेल्या आणि चौकटीला अंगठा लावला. अंगठा आत रुतला. भुसा झरझर खाली पडला.

“काका, या असल्या लाकडाला तुम्ही एवढे जड तक्ते लटकवलेत?” त्या पुटपुटल्या. “खाली माणसं उभी असतात. मी आत्ताच दोघं पाहिली, वर बघत होती.”

पेंटरने खाली सांडलेल्या भुशाकडे पाहिलं. हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. चित्र बघायला माणसं त्याच्याच घराखाली येत होती.

“मागे एका आजोबांची दया येऊन मी मुदत दिली होती,” बाई म्हणाल्या. “त्यांचा सज्जा खाली आला. जाणाऱ्या बाईचा हात कायमचा गेला. मला दया येत नाही असं नाही, काका. पण आता ती करायची भीती वाटते.” त्यांनी पिशवीतून पाटी काढली. “ही मला लावायलाच हवी. तुम्हीच रंगवलीय.”

“माहीत आहे,” पेंटर म्हणाला. मग पाटीकडे बघून पुढे म्हणाला, “अक्षर बरं आलंय.”

“कसले तक्ते? कसली माणसं?”

दोघंही दचकून वळले. ती जागी होती. कधीपासून ते देव जाणे.

पेंटर पलंगाच्या कडेला टेकला आणि त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. नियम, सुतार, डॉक्टर, नवी इमारत, रंगवलेल्या खिडक्या. सावलीचा घोळही सांगितला. ती हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली, बाईंनी पुढे होऊन पाणी दिलं.

“अहो, जगात सूर्य काय तुमच्या ब्रशच्या धाकाने उगवतो?” मग तिचं हसू ओसरलं. “म्हणजे आख्खी गल्ली माझी खिडकी बघून गेली, आणि मी इथे अंधारात. मला विचारलंत का एकदा तरी?”

“तुला त्रास होईल म्हणून...”

“त्रास आत्ता होतोय. मरायचं मला आहे ना? मग उजेडात मरू द्या की.”

“अगं, भिंत फोडणार. धूळ उडेल.”

“तुमच्याशी लग्न करून आल्यापासून रंग आणि टर्पेंटाइन हुंगतेय. धुळीने काय वेगळं होणार?” ती बाईंकडे वळली. “मला जिना उतरता येत नाही. पण पलंगाला चाकं आहेत. तो त्या आतल्या कोपऱ्यात ढकला, मध्ये ओली चादर टांगा, आणि सुतार बाहेरून शिडी लावून काम करू दे. असं चालेल का हो तुमच्या नियमात?”

बाईंनी क्षणभर विचार केला. “नियमात आतून की बाहेरून असं काही नाही, काकू. काम सुरू झालं की पाटी लावायची नसते. पण उद्या नाही. आज.”

त्यांनी पाटी पिशवीत ठेवली, पेंटरकडून दोर मागून घेतला आणि खाली जाऊन घरासमोरची जागा स्वतः दोराने अडवली. न्हाव्याला दम भरला, “गंमत बघायची तर तुमच्या पायरीवरून बघा. दोराच्या आत पाय टाकलात तर तुमच्याच दुकानाचा रंग तपासायला येईन.” न्हाव्याचा रंगही उडालेलाच होता. तो निमूटपणे सुताराला बोलवायला गेला.

सुताराने कुरकुर केली, असं उलटं काम कोणी करत नाही म्हणाला, पण शिडी लावली. पहिला तक्ता निघाला तसा ती चादरीमागून ओरडली, “तो आत आणा आधी!” तक्ता तिच्यासमोर धरला. पेंटर परीक्षेला बसलेल्या मुलासारखा उभा होता.

“पडदा छान,” ती म्हणाली. “कुंडी मात्र घागर वाटते.”

चादर दिवसातून कैकदा भिजवावी लागली. ती खोकत होती, आणि दर खोकल्यागणिक पेंटर सुताराला थांबवत होता, आणि ती पुन्हा सुरू करायला लावत होती. एका रात्री ताप चढला तेव्हा पेंटरने सगळं बंद करायचं ठरवलं. सकाळी ताप उतरला, आणि तिने ठरवलेलं तेच झालं. दोन्ही चौकटी बसल्या. पेंटरने त्यांना हिरवा रंग दिला, कुठेही सावली न काढता. पलंग खिडकीशी आणला. तिने गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतली. मग म्हणाली, “न्हाव्याला टक्कल पडलं? मला कोणी सांगितलंसुद्धा नाही.”

त्यानंतर ती रोज सकाळी खिडकीतून रस्ता बघायची आणि कोण कुठे गेलं ते पेंटरला सांगायची. बाई येता-जाता खालून हात करायच्या.

ती त्याच हिवाळ्यात गेली, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, न्याहारीच्या वेळी. पेंटर तिच्यामागे सहा वर्षं त्या घरात राहिला आणि ऑगस्टमध्ये वारला.