ओळंब्याचा दावा

गवंड्यांच्या टोळीत त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हा माणूसही तसाच, उंच, सडसडीत आणि वागायला नको तितका सरळ. बाहेरच्या बाजूनं गिलावा करताना परांचीची फळी निसटली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून वाळूच्या ढिगावर आला. जीव वाचला, पण मांडीचं हाड असं काही जुळलं की चालताना तो एका अंगाला कलायचा. "ओळंबाच कलला, आता भिंतींनी कुणाकडं बघायचं?" असं तोच म्हणायचा आणि तोच हसायचा. बायकोला मात्र हसू येत नसे. अजून एक ऑपरेशन झालं तर हा पुन्हा कामावर उभा राहील, नाहीतर कायमचा घरी, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तेवढा पैसा दोघांनी मिळूनही कधी पाहिला नव्हता.

बायको घरी शिवणकाम करायची. तिच्याकडे कपडे टाकणाऱ्या एक वकीलबाई होत्या. एक दिवस झगा घ्यायला त्या आल्या, आणि बायकोनं झग्याआधी नवराच त्यांच्यापुढे बसवला.

"दादा, कामावर असताना लागलं ना?" वकीलबाईंनी विचारलं. "मग भरपाई हा तुमचा हक्क आहे. उपकार नाहीत कुणाचे."

"पण पडू नये म्हणून कमरेला बांधायचा पट्टा मीच बांधला नव्हता."

"चूक कुणाची ते या दाव्यात बघत बसत नाहीत. काम करताना लागलं, एवढं ठरलं की पुरे."

"माझ्याकडं कामाचा एक चिटोरा नाही, बाई."

"नसू दे. बरोबर काम करणारी माणसं आहेत ना? आणि ठेकेदारानं हात वर केले, तर ज्याची इमारत त्यालाही धरता येतं. फक्त मुदतीत दावा लावायचा आणि खरं बोलायचं."

खरं बोलायचं, इथंच घोडं अडलं. टोळीचा एक जुना रिवाज होता. कुणाला काही लागलं तर दवाखान्यात साइटचं नाव काढायचं नाही. काम बंद पडलं तर सगळ्यांच्याच चुली विझतात, असं मुकादमानं प्रत्येकाच्या डोक्यात घट्ट बसवलं होतं. त्यामुळे शुद्धीवर आल्या आल्या या सरळ माणसानं आयुष्यातली पहिली थाप मारली, की मी न्हाणीघरात घसरलो. आता दावा लावल्यावर ठेकेदार नेमकं तेच धरून बसला होता. हा त्या दिवशी कामावर नव्हताच म्हणे! वर त्यानं टोळीतल्याच तिघांना साक्षीला उभं केलं.

ओळंब्याला त्याचं फार लागलं. इतक्या महिन्यांत टोळीतलं एक माणूस घराकडं फिरकलं नव्हतं. ज्यांच्या डब्यातलं खाल्लं तीच माणसं आता त्याच्या विरुद्ध बोलणार होती. "पाय गेला ते सोसलं," तो बायकोला म्हणाला, "पण ही पोरं माझी नव्हतीच, हे सोसत नाही बघ."

सुनावणीची खोली लहानशी होती. टेबलामागे चष्मा नाकावर घसरलेले अधिकारी, भिंतीला एक हट्टी पंखा, आणि बाकावर खाली मान घालून बसलेली टोळी. ठेकेदाराचा वकील अगदी खुशीत होता.

पहिला उठला टाइलवाला. "हा कुठं पडला?" असं विचारताच तो घडाघडा म्हणाला, "सायकलवरून!"

दुसरा सेंट्रिंगवाला. "जिन्यावरून, साहेब. घरच्या."

ठेकेदाराच्या वकिलाचा चेहरा पडला. टोळीनं रिवाज इमानानं पाळला होता, पण काय सांगायचं ते आपापसांत ठरवायचं राहिलं होतं. ज्यानं त्यानं दवाखान्यात जे सुचेल ते ठोकून दिलं होतं, आणि आता प्रत्येक जण आपल्या थापेला चिकटून होता.

अधिकाऱ्यांनी चष्मा वर ढकलला. "म्हणजे एकाच दिवशी एकच माणूस न्हाणीघरात, सायकलवरून आणि जिन्यावरून पडला?"

"साहेब," बायको न राहवून उठलीच, "आमची तळमजल्यावर एक खोली आहे. जिना नाही, न्हाणीघर नाही, आणि ह्यांना सायकल येत नाही."

 मग टंकलेखक बाई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या, आणि अधिकाऱ्यांना उगाच खोकला आला.

ठेकेदाराचा वकील घाईघाईनं तिसऱ्या साक्षीदाराकडं, मुकादमाकडं वळला. "ते जाऊ द्या. तुम्ही जबाबदार माणूस. हा कुठंतरी एकटाच पडला, तुमच्यापैकी कुणीही जवळ नव्हतं. बरोबर?"

मुकादमानं नुसतं हो म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण त्याची नजर ओळंब्यावर गेली आणि त्याची कानशिलं लाल झाली.

"एकटा? एकटा कसा पडेल? आम्ही काय मेलो होतो?"

"मुकादम—" वकील चाचरला.

"गप बसा हो! माझ्या डोळ्यांसमोर पडला तो. वाळूच्या ढिगावर. टेम्पोत दवाखान्यापर्यंत डोकं माझ्या मांडीवर होतं त्याचं!"

"पाय मी धरला होता, साहेब," टाइलवाला उठला. "हलू नये म्हणून. मी तर रडत होतो."

"रडत कोण नव्हतं?" सेंट्रिंगवाला ओरडला. "माझा सदरा फाडून बांधला की जखमेला!"

तिघं एकदम बोलू लागले. अधिकारी टेबल वाजवत राहिले. ओळंबा त्या वेळी बेशुद्ध होता, त्याला यातलं आजवर काहीच माहीत नव्हतं. तो आडवा हात डोळ्यांवर घेऊन भर खोलीत हुंदके देत हसत होता, आणि त्याला थांबायचंही नव्हतं.

अधिकाऱ्यांनी तिघांनाही खोटेपणाबद्दल चांगलं फैलावर घेतलं आणि मग त्यांचं खरं लिहून घेतलं. ऑपरेशनचा खर्च ठेकेदारानं ताबडतोब भरायचा, उरलेली भरपाई पुढच्या तारखेला ठरेल, आणि साक्षीवरून कुणाला कामावरून काढलं तर माझ्याशी गाठ आहे, असं बजावलं. वकीलबाईंनी बायकोचा हात इतका दाबला की बांगडी वाकली.

बाहेर मुकादम खांबाआड उभा होता. "कुठल्या तोंडानं येणार होतो तुझ्या घरी?" तो पुटपुटला.

"आहे त्याच तोंडानं यायचं की," ओळंबा म्हणाला. "दुसरं कुठं आहे तुझ्याकडं?"

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर दारापाशी आलं, तेव्हा नर्सनं हातातला कागद बघत विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

बायको तोंड उघडणार, तोवर बाकांवरून अख्खी टोळी उठली. सिमेंटचे कपडे, सिमेंटचे केस, थेट कामावरून आलेली. "आम्ही!" तो आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. नर्सनं सगळ्यांना दवाखान्याबाहेर काढलं, आणि ओळंबा आत जाताना हसतच होता.