रेवाबाईची साडी

राजदीप सरांनी नववीच्या फळ्यावर लिहिलं, 'कादंबरीतल्या पात्राला पत्र लिहा.' वर्ग खिदळला.

"सर, पत्ता कोनता टाकाचा?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"पत्ता नाई लागत. खरं लिवलं का पोचते."

उर्वशीनं रेवाला लिहिलं. शाळेच्या कपाटातली ती कादंबरी इतक्या हातांतून फिरली होती की मुखपृष्ठ नावासकट केव्हाच गळून गेलं होतं. त्यातली रेवा तरुणपणी विधवा होते आणि पोटच्या पोरीच्या हळदीला तिला न्हाणीमागे बसवून ठेवतात. हे समजून घ्यायला उर्वशीला कुठं दूर जायचं नव्हतं. ती लहान असतानाच तिच्या बापाला, देवाजीला, जंगलात मोहफुलं वेचताना वाघानं मारलं. तेव्हापासून आई आशाबाई कोणाच्या मांडवात पुढे गेली नाही. इतर विधवांकडे लोक पाठ फिरवतात; वाघानं मारलेल्याची बायको सामोरी आली तर थुंकून वाट बदलतात. मात्र भाताच्या रोवणीला हीच आठवते, लग्नघरच्या चुलीपुढं हीच लागते. हिच्या हातचं वरण चालतं, वडे चालतात. हात तेवढा चालत नाही.

कुरखेड्याहून आत असलेल्या त्या गावात तेव्हा सप्ताह बसला होता. टाळ घुमला, महाराजांचा आवाज चढला, की दगडालाही पाझर फुटावा असं ते कीर्तन! देवाच्या नावात तेवढं बळ आहेच. पण पाझर फुटणं निराळं आणि ओल टिकणं निराळं. सप्ताहाचा अध्यक्ष धनराज, म्हणजे देवाजीचा थोरला भाऊ. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि माइक हाती आला की सुटता सुटत नसे.

महाराज भले माणूस. कीर्तनाआधी त्यांनी शाळेच्या मुलांना थोडा वेळ दिला. उर्वशी उभी राहिली आणि वाचू लागली.

"प्रिय रेवाबाई, तुमी न्हाणीमागं बसल्या होत्या तवा तुमच्या पोरीनं इकडंतिकडं पाह्यलं असन. माय कुठी आहे म्हनून. लिवनाऱ्यानं ते लिवलं नाई. मले एकच इचारायचं आहे. ते पोरगी चूप काऊन बसली?"

मंडपात पदरांनी डोळे पुसले गेले. धनराजची बायको सोनीबाई तर हुंदके देऊ लागली. शेजारी खांबाआड आशाबाई महाप्रसादाचे तांदूळ निवडत होती. सोनीबाई तिलाच म्हणाली, "कसे लोक असतेत, माय! दया नाई, माया नाई. जाय आशा, भाजी पाह्य, लागून राह्यली असन."

आशाबाई उठून भाजी पाहायला गेली.

धनराजनं माइक ओढला. "कोनत्या गावचे आहेत हे लोक? मायले पोरीची हळद लावू देत नाई? असे हरामखोर आपल्या गावात असते, तं म्या त्यांले या मंडपात पाय ठेवू देल्ला नसता! आपल्या मंडळाकून त्या रेवाबाईले एक साडी!"

टाळ्या कडाडल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, "भाऊ, ते पुस्तकातली बाई आहे."

"पुस्तकातली असो का गडचिरोलीची! साडी म्हंजे साडी. सर, तुमी पोचवून द्या."

सत्काराच्या ढिगातली वरची साडी सरांच्या हातात पडली. हिरवीगार, जरीकाठाची. विधवेला हिरवी साडी देतो आहोत, हेही त्या उदार माणसानं पाहिलं नाही. सरांनी चेहरा न हलवता ती पिशवीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उर्वशीच्या हाती दिली. "पत्र तू लिवलं. आता पत्ता तूच शोध."

पंधरवड्यानं घरी मांडव उभा राहिला. उर्वशीच्या थोरल्या बहिणीचं, करिश्माचं लग्न. हळद कांडायला नावापुरत्या पाच सवाष्णींनी मुसळाला हात लावला, फोटो काढला आणि त्या चहाला गेल्या. बाकीची सगळी हळद सांदीत बसून आशाबाईनं कांडली.

करिश्मा पाटावर बसली. सोनीबाई वाटी घेऊन वाकली, तशी पोरीनं मान मागं घेतली.

"आधी माय."

"काय म्हंतेस?"

"आधी मायले बलावा. नाई तं मी उठतो."

"पोट्टे, अवदसा आठवली काय तुले? वाघानं मारलेल्याची बायको ते! संसाराची राख करतेस काय?"

धनराज धावत आला. "सोयऱ्यायपुढं नाक कापता काय माहं? चूपचाप बस!"

सांदीतून आशाबाई कळवळली, "राहू दे ना, बाई. लगन मोडन."

"मोडू दे," करिश्मा म्हणाली. "तुह्या हातची हळद नाई तं लगन नाई."

उर्वशीनं पिशवीतून हिरवी साडी काढली. "मोठेबाबा, हे पोचवाचं राह्यलं होतं."

"कोनाची?"

"रेवाबाईची. तुमीच देल्ली."

"ते पुस्तकातली आहे न, कार्टे!"

"म्हनूनच देल्ली काय? इथची असती तं नसती देल्ली?"

चुलीकडून एका म्हाताऱ्याचा खाकरा आला. "धनराजभाऊ, मंडपात पाय ठेवू द्याचा नाई म्हनत होते न? तो पाय कोनाचा?"

मांडवात खसखस पिकली. सप्ताहात रडून कोरडं झालेलं गाव आज हसलं. आणि ज्या माणसाला गावाच्या रडण्याची लाज वाटली नव्हती, त्याला या हसण्याची वाटली. धनराज दाराशी जाऊन बांधलेलंच तोरण पुन्हा बांधू लागला.

सवाष्णींपैकी दोघी पदर झटकून निघून गेल्या. सोनीबाईनं वाटी आपटली आणि घरात जाऊन बसली. कांडलेली हळद मातीत सांडली.

उर्वशीनं आईला हाताला धरून आणलं, हिरवी साडी खांद्यावर टाकली. आशाबाई लेकीसमोर बसली आणि वाटीसाठी इकडंतिकडं पाहू लागली. वाटी कोणी पुढं केली नाही.

"आता कशी लावू, बाई? हळद तं सांडली."

करिश्मानं तिचे दोन्ही हात उचलून आपल्या गालांवर ठेवले. सकाळपासून कांडून कांडून ते मनगटापर्यंत पिवळे झाले होते.