वरच्या दारावरचा मासा

‘चुकून सुई दोनदा दिली गेली तर?’ या एका विचारानं आमच्या घरातल्या आईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला माहीत आहे, कारण झोप उडाली की ती येऊन माझं दार उघडते. खायला काही नको असतं तिला. दारातल्या वरच्या कप्प्यात औषधाची छोटी बाटली असते, तेवढी बघते, बोटानं चाचपते, दार लावते, आणि नीट लागलं का ते पाहायला पुन्हा उघडते.

होय, मी या घरातला फ्रीज बोलतोय. एरवी माझं बोलणं म्हणजे घुरघुर. ती चालू असते तोवर कुणाला ऐकू येत नाही, आणि थांबली की घरभर धावपळ.

जन्मलो कारखान्यात, दहाजणांच्या हातून. पण मला घर मिळालं ते दुसऱ्या खेपेला. पहिले मालक जागा बदलताना मला मागे सोडून गेले आणि मी हिच्याकडे आलो. तेव्हा ती कुणाची आई नव्हती. एका खोलीत एकटी राहायची, सोबत एक करडी मांजर. हमालांनी मला भिंतीशी टेकवलं, आणि माझी वायर जोडायच्या आत मांजर माझ्या डोक्यावर चढून बसली. तिथून पुढे माझं डोकं तिच्याच मालकीचं झालं.

मग लग्न झालं, घर बदललं. नवरा म्हणाला, “तुझ्या माहेरचं एवढंच माणूस आपल्याकडे राहायला आलंय, आणि माझं काही म्हणजे काही पसंत पडत नाही त्याला.” त्यानं मांजरीचं नाव सासूबाई ठेवलं. ते इतकं चिकटलं की जुनं नाव मीसुद्धा विसरलो. नंतर मुलगी झाली. वयाच्या मानानं बुटकी, म्हणून तिचा बाबा तिला ठेंगू म्हणतो.

सासूबाईंचं दुखणं सगळ्यात आधी कळलं ते मला. त्यांची उडी माझ्या कपाळापर्यंत पोचेना. एकदा नखं पत्र्यावर घसरली, खाली पडल्या, आणि जणू तेच करायचं होतं अशा थाटात पंजा चाटत बसल्या. नंतर उडीच मारली नाही. माझ्या पायाशी, जिथे मागून गरम हवा येते, तिथे झोपू लागल्या. वाडगाभर पाणी प्यायच्या, पुन्हा वाडग्याकडे यायच्या. खायच्या भरपूर, आणि अंगावर मात्र हाडं दिसू लागली.

“साखर आहे म्हणाल्या डॉक्टर,” एक दिवस आईनं सांगितलं.

“मांजराला साखर? चोरून बिस्किटं खात होत्या की काय?” बाबा म्हणाला. आई हसली नाही. तिनं पिशवीतून ती बाटली काढून माझ्या दारात ठेवली. मला घाम फुटला. बर्फ झाला तर औषध बाद, ऊब लागली तर बाद. आजवर माझ्याकडून दूध नासलं होतं, कोथिंबीर काळी पडली होती. कुणाचा जीव कधी ठेवला नव्हता माझ्यापाशी.

सकाळ-संध्याकाळ, खाऊन झालं की सुई. डॉक्टरांनी बजावलं होतं, “एखादी राहिली तर सांभाळून घेता येईल. जास्त गेली तर जिवावर बेतेल.” आई पुस्तकांची मुद्रितं तपासते. ‘दुसऱ्यांच्या चुका शोधून काढते, माझ्या आपोआप सापडतात,’ असं तीच म्हणते. सुईचा सराव तिनं संत्र्यांवर केला. ती संत्री पुढे कुणी खाल्ली नाहीत, माझ्याच पोटात सुकली. बाटली हलवायची नाही, तळहातांत हलकेच फिरवायची. मानेमागची कातडी चिमटीत धरायची. “झालं गं बाई, झालं,” असं ती म्हणायची, सासूबाईंना की स्वतःला, कुणास ठाऊक.

बाबा छापखान्यात पाळ्यांवर असतो. कधी तो सुई देतो, कधी ती. कुणी दिली हे कळावं म्हणून आईनं एक युक्ती काढली. माझ्या अंगावर चुंबकाचा एक पिवळा मासा आहे. सकाळची सुई दिली की मासा वरच्या, बर्फाच्या दारावर. संध्याकाळची दिली की खालच्या. वरच्या दाराला ठेंगूचा हात पोचत नव्हता, खालीही मासा दाराच्या मुठीच्या वर, तिच्या टप्प्याबाहेर लावायचा. आईनं तिला उभं करून दोनदा बघितलं होतं.

आणि मग ती सकाळ आली.

बाबा रात्रपाळीहून घरी आला. आई आत ठेंगूच्या अंथरुणाशी होती. त्यानं सासूबाईंना खाऊ घातलं, सुई दिली, मासा वर लावला, आणि डोक्यावर पांघरूण ओढून झोपून गेला. सगळं रीतसर झालं.

पाठोपाठ ठेंगू आली. माझ्यासमोर उभी राहिली, माशाकडे बघितलं, चवड्यांवर उभी राहिली. बोटं वर, अजून वर, आणि मासा तिच्या मुठीत. तो तिनं खाली आणला, दोनदा थोपटला आणि निघून गेली. का, ते मला कळलं नाही.

मग आई आली. माशाकडे बघितलं. खाली. म्हणजे सकाळची राहिलीय. “हा दमून तसाच झोपला वाटतं,” ती पुटपुटली. वाडग्यात अजून थोडं खाणं घातलं आणि माझं दार उघडून बाटली घेतली.

मला जे येतं ते मी केलं. इतका थरथरलो की बाटल्या एकमेकींवर आपटल्या.

“ह्याचंही वय झालं आता,” ती म्हणाली, आणि तळहातांत बाटली फिरवू लागली.

दुपारी सासूबाई उठल्या आणि त्यांचे मागचे पाय फाकले. चार पावलं चालून त्या माझ्या अंगाला धडकल्या. डोळे उघडे होते, पण त्यांत बघणं नव्हतं.

“अरे उठ! उठ ना! सासूबाई बघ कशा करतायत!”

बाबा धावत आला. “खाल्लं होतं की सकाळी. सुई दिली मी.”

“तू दिलीस?” आईचा आवाज चिरकला. “मासा खाली होता!”

“वर होता. मी स्वतः लावला.”

“खाली होता रे! मी बघितलं, म्हणून तर दिली मी...”

फोनवर डॉक्टर एवढंच म्हणाल्या, “हिरड्यांना मध चोळा, तोंडात ओतू नका, आणि लगेच घेऊन या.” आता माझी लाज ऐका. मुंग्या लागतात म्हणून आई मध माझ्या पोटात ठेवते, आणि मी त्याचा दगड करून ठेवला होता. चमचा वाकला. शेवटी तिनं नखांनी ढेकूळ खरवडून काढलं आणि तळहातांत चोळत राहिली, रोज ती बाटली फिरवते तशी. मध सुटला. तिनं बोटानं तो हिरड्यांना लावला. पुन्हा लावला. सासूबाईंनी जीभ बाहेर काढली.

सगळे गेले. माझ्या पायाशी रिकामी गोधडी राहिली. गरम हवा मी नेहमीसारखीच सोडत होतो. मला थांबायला भीती वाटत होती.

दिवेलागणीला ते परत आले. सासूबाई टोपलीत होत्या, पायाला पट्टी, जिवंत. संध्याकाळची सुई आज द्यायची नव्हती. आई जमिनीवर बसली.

“वाचल्या ना? मग झालं तर,” बाबा म्हणाला.

“मला वर-खाली कळेनासं झालंय. मी नाही आता सुईला हात लावणार.”

“मग माझ्या पाळीच्या दिवशी कोण देणार?”

सुई नाही मिळाली तर या म्हातारीचे किती दिवस उरतील, ते तिघांनाही माहीत होतं. मी तिसरा. माझं एकच मागणं आहे तुमच्यापाशी. घरातली जुनी वस्तू अवेळी खडखडली, तर वयावर ढकलून मोकळे होऊ नका. हातातलं काम थांबवून एकदा आजूबाजूला बघा.

तेवढ्यात ठेंगू आली. आईनं सकाळी सुई देऊन वर लावलेला मासा तिनं चवड्यांवर उभं राहून काढला आणि खाली लावला.

आई बघतच राहिली. “काय करतेस गं?”

“वर बर्फ आहे ना. त्याला थंडी वाजते. सकाळी पण मीच आणला खाली.”

बाबानं कपाळावर हात मारून घेतला. आई उठली, मासा होता ती जागा हातानं चाचपली, मग मुलीच्या डोक्याकडे बघितलं. वीज गेली तर, सुई तुटली तर, मी विसरले तर, सगळ्याचं भय तिचं घेऊन झालं होतं. मुलगी वाढते, हे तेवढं राहून गेलं होतं.

तिनं माझं दार उघडलं, बाटली बघितली, दार लावलं.

“उद्या सकाळची मीच देते. पण आधी तुला हलवून उठवणार आणि विचारणार.”

“लाथ मारून उठव,” बाबा म्हणाला.

मग आई ठेंगूसमोर गुडघ्यांवर बसली. रागवायचं असावं तिला, पण आवाज फुटला तो भलताच, भेदरलेला.

“कधीपासून पोचतो गं तुझा हात?”

“आजपासून,” ठेंगू छाती फुगवून म्हणाली. “आता सासूबाईंना सुई मीच देणार.”